सागवानी पेटी आणि कसर

खानापूर, बेळगावकडच्या जुन्या घरांत माळ्यावर अजून सागवानी पेट्या निघतात. सागाची पेटी आहे म्हणजे कपड्यांना कसर लागायची नाही, असा भरवसा बहुतेक घरांत असतो. सागाच्या गाभ्यातल्या टेक्टोक्विनोनसारख्या द्रव्यांमुळे वाळवी त्याच्या वाटेला जात नाही, हे खरं. पण कसरीला लाकूड खायचंच नसतं. तिचं लक्ष आतल्या घोंगडीवर असतं.

संध्याकाळी कपाटाजवळ भिरभिरणारा फिकट सोनेरी पतंग म्हणजेच ही कसर. तो काहीच खात नाही, त्याचं तोंड त्या कामाचं नसतं. कपडा कुरतडते ती त्याची अळी. लोकरीतलं केराटिन हे प्रथिन गंधकाच्या बंधांनी इतकं घट्ट विणलेलं असतं की बहुतेक प्राण्यांना ते पचत नाही. या अळीच्या आतड्यात मात्र अल्कधर्मी आणि जवळजवळ प्राणवायूरहित वातावरण असतं. तिथे हे बंध तुटतात आणि मग विकरं प्रथिनाचे तुकडे करतात. रेशीमही ती खाते. निव्वळ सुती कापड तिला पचत नाही, पण घामाचे किंवा आमटीचे डाग असले तर तेही कुरतडते. खळ घातलेल्या सुती लुगड्याला धोका असतो तो दुसऱ्याच, चंदेरी, सरपटणाऱ्या कसरीचा. तिला पिष्ट आणि दमट हवा लागते. कणकुंबी-जांबोटीच्या पावसात दोन्हींची चंगळ असते.

म्हणून पेटी दुरुस्त करायची ती फटी बुजवायला. आधी ती रिकामी करून उन्हात उघडी ठेवा आणि ब्रशने सांधे खरवडा. जुन्या पेटीत पूर्वी कीटकनाशक पावडर मारलेली असू शकते, तेव्हा नाकातोंडाला मास्क हवाच. लाकडाला बारीक गोल भोकं असून खाली ताजा, पिठासारखा भुसा पडत असेल, तर लाकूड पोखरणारा भुंगा अजून जिवंत आहे. आधी त्याचा बंदोबस्त करा. कसरीची अंड्यातून नुकती बाहेर पडलेली अळी केसाएवढ्या फटीतूनही शिरते, म्हणून सांध्यांत बारीक लाकडी भुसा आणि फेविकॉल कालवून भरा. आतून अळशीचं तेल लावू नका, बंद जागेत ते महिनोन्महिने चिकट राहतं. पातळ लाखेचं पॉलिश बरं; पूर्ण वाळल्यावर धुतलेलं सुती कापड अंथरा. झाकणाच्या कडेला लोकरीचा फेल्ट चिकटवणारे सुतार मी पाहिलेत. तो कसरीला आयता खाऊ. सुती निवारीची पट्टी लावा.

आता कपडे. पेटी कितीही घट्ट असली तरी अंडी घोंगडीबरोबरच आत गेली तर तीच पेटी कपडे कोंडून अळीचंच रक्षण करील. आत ठेवण्यापूर्वी घोंगडी झटकून, धुऊन, कडक वाळवा. लोकरी शाल प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा काढून बंद करा आणि उणे १८ अंशाच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. काढल्यावर ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नका, नाहीतर कापडावर दव धरतं.

कडुलिंबाच्या पाल्यावर विसंबू नये. घडीत शिरलेली अळी त्याने मरत नाही. डांबराच्या गोळ्यांची वाफ अळ्या मारते, पण पेटी हवाबंद असेल तरच. ती वाफ हवेपेक्षा जड असल्याने गोळ्या वरच्या थरात, कागदात गुंडाळून ठेवतात. त्यांच्याबरोबर कापूर कधीच ठेवू नका. दोन्ही मिळून पातळ होतात आणि डाग पडतात. आणि बाळाची कुंची-दुपटी त्या गोळ्यांत मुळीच नकोत. जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या तान्ह्या बाळाच्या तांबड्या पेशी त्या वाफेने फुटून गंभीर कावीळ होऊ शकते.