अभंग विवाहाची श्रद्धा आणि ख्रिस्ती घटस्फोट कायदा : एक पार्श्वभूमी

नवरा छळतो, एवढ्याच कारणावरून घटस्फोट मागण्याचा हक्क संसदेच्या कायद्याने भारतातील ख्रिस्ती स्त्रीला मिळण्यासाठी 2001 साल उजाडावे लागले. त्याआधीची 132 वर्षे तिच्या संसाराचा निवाडा 1869 च्या भारतीय घटस्फोट कायद्यानुसार होत होता. तो कायदा बदलावा म्हणून जे झटले, त्यांत विवाह अभंग, म्हणजे कधीही न तुटणारा, मानून घटस्फोट तत्त्वतः न मानणारे ख्रिस्ती लोकही होते. स्वतःची श्रद्धा तसूभरही न सोडता दुसऱ्याच्या सुटकेसाठी कायदा मागणे ही सोपी गोष्ट नाही, आणि म्हणूनच हा इतिहास नीट पाहण्यासारखा आहे.

विवाहविच्छेदाचा प्रश्न येथील ख्रिस्ती समाजापुढे आधी वेगळ्याच रूपात आला होता. ख्रिस्ती झाल्यामुळे ज्याला जोडीदाराने टाकले, त्याने जन्मभर एकटे राहायचे का, हा तो प्रश्न. 1866 च्या एका कायद्याने अशा धर्मांतरितांना विवाहबंधनातून मोकळे होण्याची वाट करून दिली. मात्र नांदायला नकार देणाऱ्या जोडीदाराला फेरविचारासाठी एक वर्षाचा अवधी देण्याची दक्षताही त्याच कायद्याने घेतली. दोन्ही माणसांचा विचार करणारी ही तरतूद त्या काळाच्या मानाने सहृदय म्हणावी लागेल.

तीनच वर्षांनी आलेला घटस्फोट कायदा मात्र इंग्लंडच्या 1857 च्या कायद्यावर बेतलेला होता, आणि तेथील स्त्री-पुरुष भेदही त्याच्याबरोबर आला. कलम 10 प्रमाणे पत्नीचा व्यभिचार सिद्ध झाला की पतीला घटस्फोट मिळे. पत्नीला मात्र पतीचा नुसता व्यभिचार सिद्ध करून भागत नसे. त्याच्या जोडीला क्रूरता, किमान दोन वर्षांचा परित्याग किंवा दुसरे लग्न यांसारखे आणखी एखादे कारण सिद्ध करावे लागे. इंग्लंडने हा भेद 1923 मध्ये आपल्याकडे संपवला. भारतात तो तसाच राहिला.

व्यवहारात याचा अर्थ काय होता, तो पुण्यातील किंवा अहमदनगरमधील एखाद्या ख्रिस्ती स्त्रीच्या जागी उभे राहिल्यावरच कळतो. रोजची मारहाण शेजारीपाजारी पाहत असले, डॉक्टरांचे कागद हाती असले, तरी नवऱ्याचे दुसऱ्या स्त्रीशी संबंध असल्याचा पुरावा नसेल तर तिला फार तर न्यायिक विभक्ततेचा हुकूम मिळे, म्हणजे वेगळे राहण्याची मुभा मिळे, पण लग्न कायम राही. पुरावा मिळून जिल्हा न्यायालयाने घटस्फोटाचा निकाल दिलाच, तर तोही लगेच अंतिम होत नसे. तो मुंबई उच्च न्यायालयाकडे शिक्कामोर्तबासाठी जाई, तेथे तीन न्यायमूर्तींचे पीठ तो तपासे, आणि किमान सहा महिने उलटल्याशिवाय तो कायम होत नसे. दावा चालू असतानाच्या पोटगीलाही नवऱ्याच्या उत्पन्नाच्या एक पंचमांशाची कमाल मर्यादा होती. गरीब घरातल्या बाईने हे सारे झेपवायचे कसे, याचे उत्तर त्या कायद्याजवळ नव्हते.

याच कायद्यातील कलम 58 ची आठवण येथे मुद्दाम करून द्यावीशी वाटते. स्वतःच्या व्यभिचारामुळे ज्याचा घटस्फोट झाला आहे, अशा व्यक्तीचे लग्न लावण्याची सक्ती चर्च ऑफ इंग्लंडच्या धर्मगुरूवर करता येणार नाही, असे ते कलम सांगते. म्हणजे धर्मगुरूच्या सदसद्विवेकाची काळजी 1869 मध्येच घेतली गेली होती; मार खाणाऱ्या पत्नीची घ्यायची तेवढी राहून गेली होती.

स्वातंत्र्यानंतर विधी आयोगाने 1960 आणि 1961 मध्ये ख्रिस्ती विवाह कायद्यावर अहवाल दिले, पण सुधारणा रखडल्या. 1976 पासून हिंदू स्त्रीला क्रूरतेच्या कारणावरून आणि परस्परसंमतीनेही घटस्फोट मिळू लागला, तेव्हा तिच्या शेजारी राहणारी ख्रिस्ती स्त्री मात्र व्हिक्टोरिया राणीच्या काळातील कलमांत अडकलेलीच होती. अल्पसंख्याकांनी एकमुखाने मागितल्याशिवाय त्यांच्या कायद्याला हात लावायला सरकार राजी नव्हते, आणि ख्रिस्ती समाजात एकमत होत नव्हते. “देवाने जे जोडले आहे ते माणसाने तोडू नये” हे येशूचे वचन चर्चेत वारंवार पुढे येई. ते योग्यच होते. पण संसार ज्याने हातांनी मोडला त्याला हे वचन सुनावण्याऐवजी जिचा मोडला तिलाच ते ऐकवले जाई, ही गोष्ट मला फार क्लेशदायक वाटते.

हे चित्र पालटले ते प्रामुख्याने ख्रिस्ती स्त्रियांमुळे. ज्योत्स्ना चॅटर्जी यांच्या जॉइंट विमेन्स प्रोग्राम या स्त्री-संघटनेने निरनिराळ्या ख्रिस्तसभांना, म्हणजे ख्रिस्ती पंथांच्या चर्च-संस्थांना, चर्चेला एकत्र आणले, आणि 1990 च्या दशकात कॅथलिक व प्रोटेस्टंट दोहोंचा पाठिंबा असलेले मसुदे सरकारपुढे गेले. विवाह हा पवित्र संस्कार आहे असे मानणाऱ्या बिशपांनी नागरी कायद्यातील घटस्फोटाची कारणे वाढवायला संमती देणे, हे त्या काळचे मोठे पाऊल होते. सगळीकडे इतकी समज दिसली असे नाही. केरळातील सीरियन ख्रिस्ती म्हणवणाऱ्या समाजातील मुलींना वडिलांच्या संपत्तीत समान वाटा देणारा मेरी रॉय खटल्याचा निकाल 1986 मध्ये लागला, तेव्हा तेथील काही धर्माधिकाऱ्यांनी त्याला कसून विरोध केला होता.

न्यायालयांनी मग वाट मोकळी केली. केरळ उच्च न्यायालयाने 1995 मध्ये आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने 1997 मध्ये कलम 10 मधील अन्यायकारक अटी घटनाबाह्य ठरवल्या. 2001 च्या दुरुस्तीने पती-पत्नींना समान कारणे दिली, परस्परसंमतीच्या घटस्फोटासाठी कलम 10 अ घातले, उच्च न्यायालयाच्या शिक्कामोर्तबाची अट काढली आणि पोटगीवरील मर्यादाही हटवली.

कॅथलिक ख्रिस्तसभेच्या अंतर्गत व्यवहारातही याच काळात हळूहळू फरक पडत होता. घटस्फोटानंतर पुन्हा लग्न केलेल्यांनी स्वतःला ख्रिस्तसभेपासून तुटलेले समजू नये, असे पोप दुसरे जॉन पॉल यांनी 1981 मध्ये लिहिले. 1983 च्या धर्मविधिसंहितेतील, म्हणजे कॅथलिक ख्रिस्तसभेच्या स्वतःच्या कायद्यातील, कलम 1153 प्रमाणे जोडीदारापासून शरीराला वा मनाला गंभीर धोका असेल तर वेगळे होणे रास्त ठरते. 2015 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी विवाह मुळातच अवैध होता का हे ठरवण्याची धर्मन्यायालयातील, म्हणजे ख्रिस्तसभेच्या स्वतःच्या न्यायालयातील, प्रक्रिया सुटसुटीत केली. दुसऱ्या धर्मन्यायालयाकडून तोच निर्णय पुन्हा मिळवण्याची सक्ती गेली, आणि ही सेवा शक्यतो विनामूल्य द्यावी असे सांगण्यात आले.

तरीही दोन वाटा वेगळ्याच आहेत. धर्मन्यायालयाच्या निर्णयाने नागरी विवाह संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये स्पष्ट केले, आणि सरकारी न्यायालयाचा घटस्फोट कॅथलिक व्यक्तीला चर्चमध्ये पुनर्विवाहाची मोकळीक देत नाही. त्यामुळे वसईच्या एखाद्या कॅथलिक स्त्रीला आजही दोन ठिकाणी आपली कहाणी सांगावी लागते. त्या दरम्यानच्या काळात तिला चर्चमधील रविवारच्या मिस्साला, म्हणजे सामुदायिक उपासनेला, यावेसे वाटेल की नाही, हे कोणत्याही कलमापेक्षा तिच्या धर्मग्रामातील, म्हणजे स्थानिक चर्चच्या हद्दीतील, धर्मगुरूंच्या आणि शेजारणींच्या वागण्यावर अधिक अवलंबून असते.