टार्डिऑन

वस्तुमान असलेला आणि म्हणून प्रकाशापेक्षा नेहमी कमी वेगाने जाणारा कण. ब्रॅडिऑन हे याचेच दुसरे नाव. इलेक्ट्रॉन, प्रोटॉन, न्यूट्रॉन, म्युऑन (इलेक्ट्रॉनचा जड, अल्पायुषी भाऊबंद), हिग्ज बोसॉन हे सर्व या वर्गात येतात. ज्या कणांनी अणू घडतो ते सगळे टार्डिऑनच. फोटॉन या प्रकाशकणासारखे वस्तुमानरहित कण लक्सॉन होत. ते निर्वातात सेकंदाला २,९९,७९२ किमी. या एकाच वेगाने जातात. प्रयोगशाळेतल्या रोजच्या बोलण्यात टार्डिऑन हा शब्द क्वचितच येतो. टॅकिऑन या प्रकाशाहून वेगवान अशा काल्पनिक कणांची चर्चा निघाली की तो लागतो. ती चर्चा गांभीर्याने सुरू करणाऱ्यांत बिलानिउक, देशपांडे आणि सुदर्शन या भौतिकशास्त्रज्ञांचा १९६२ सालचा निबंध महत्त्वाचा. टॅकिऑन आजवर कोणालाही सापडलेला नाही.

आइन्स्टाइन यांच्या विशिष्ट सापेक्षता सिद्धांतानुसार (१९०५) कण स्थिर असतानाही त्याच्यात वस्तुमानामुळे ऊर्जा असते. वेग वाढतो तशी एकूण ऊर्जा या विराम-ऊर्जेच्या अनेक पटींनी वाढते: प्रकाशवेगाच्या ८७ टक्क्यांना दुप्पट, ९९ टक्क्यांना सातपट, ९९.९ टक्क्यांना सुमारे बावीसपट. प्रकाशवेग गाठायला अनंत ऊर्जा लागेल. म्हणजे कणाला वाटेत कुणी अडवत नाही, त्याला ऊर्जा देत राहता येते. ती वेगात मात्र फारशी उतरत नाही. सर्न या युरोपीय संशोधन केंद्राच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडर या कणत्वरकातला साडेसहा लाख कोटी इलेक्ट्रॉन व्होल्ट (कणांची ऊर्जा मोजण्याचे एकक) ऊर्जेचा प्रोटॉन प्रकाशापेक्षा सेकंदाला जेमतेम ३ मीटरने मागे असतो.

विल्यम बर्टोझी यांनी अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत केलेला आणि १९६४ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग इतका सरळ आहे की तो पाठ्यपुस्तकात असायलाच हवा. इलेक्ट्रॉनांना ८.४ मीटर अंतर कापायला लागणारा वेळ त्यांनी मोजला. पलीकडे अॅल्युमिनियमच्या चकतीवर आदळून इलेक्ट्रॉनांनी किती उष्णता निर्माण केली तेही पाहिले. गतिज ऊर्जा १.५ कोटी इलेक्ट्रॉन व्होल्ट असताना न्यूटनच्या सूत्राप्रमाणे वेग प्रकाशाच्या सातपटींहून अधिक यायला हवा होता. प्रत्यक्षात तो प्रकाशवेगापाशीच थांबला. याहून कमी ऊर्जांवर मोजलेली चकतीची उष्णता मात्र सांगत होती की ऊर्जा पुरेपूर पोहोचते आहे.

टार्डिऑन आणि लक्सॉन यांच्यातला खरा भेद वेगाच्या आकड्यापेक्षा खोल आहे. टार्डिऑनच्या बरोबरीने चालणारी अशी एक संदर्भचौकट (म्हणजे मोजमाप करणाऱ्याची भूमिका) नेहमी असते, जिच्यात तो स्थिर दिसतो. म्हणून त्याला स्वतःचा काळ असतो. फोटॉनला अशी चौकट नाही. म्युऑनमध्ये हे फार सुंदर दिसते. अवकाशातून येणारे विश्वकिरण वातावरणावर आदळून दहा-पंधरा किलोमीटर उंचीवर म्युऑन तयार होतात. स्थिर म्युऑनचे सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद. तेवढ्या वेळात प्रकाशही सुमारे ६६० मीटरच जातो. काळ सर्वांसाठी सारखाच असता तर १० किमी. वरून निघालेल्या एक कोटी म्युऑनांपैकी दोन-तीनच जमिनीपर्यंत टिकले असते. प्रकाशवेगाच्या ९९.८ टक्के वेगाने येणाऱ्या म्युऑनचे घड्याळ मात्र आपल्या दृष्टीने सुमारे सोळापट मंद चालते, त्यामुळे वाटेतले ऊर्जाक्षय सोडले तर तिसऱ्या हिश्श्याहून अधिक म्युऑन जमीन गाठतात. म्युऑनच्या चौकटीतून पाहिले तर त्याचे आयुष्य तेवढेच राहते, वातावरणाची जाडी सुमारे ६३० मीटर होते. दोन्ही हिशेब एकाच उत्तराला येतात.

टार्डिऑनच्या वेगावरची ही मर्यादा निर्वातातल्या प्रकाशवेगाची आहे. पाण्यात प्रकाश सेकंदाला सुमारे सव्वादोन लाख किलोमीटर जातो, आणि तिथे इलेक्ट्रॉन त्याला मागे टाकू शकतो. तसे झाले की निळसर चेरेन्कोव्ह प्रारण बाहेर पडते. १९५६ साली तुर्भे येथे सुरू झालेल्या अप्सरासारख्या, पाण्याच्या कुंडात बसवलेल्या अणुभट्ट्यांत ही निळी आभा दिसते.

न्यूट्रिनो हा विद्युतभार नसलेला, पदार्थातून जवळपास अडथळ्याविना जाणारा कण टार्डिऑनच्या वर्गात उशिरा आला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने ओसाका व डरहॅम येथील संशोधकांसह कोलार सोनखाणीत १९६५ मध्ये वातावरणीय न्यूट्रिनो नोंदले, तेव्हा त्याला वस्तुमानरहित मानण्याचा प्रघात होता. तो एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात बदलतो हे १९९८ पासून स्पष्ट होत गेले, आणि असे बदल वस्तुमानाशिवाय समजावता येत नाहीत. २०११ मध्ये ऑपेरा या न्यूट्रिनोंच्या प्रयोगात तो प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद आधी पोहोचल्याचे दिसले होते. तपासाअंती एका प्रकाशतंतू केबलची जोडणी सैल आढळली. दुरुस्तीनंतर त्याचा वेग मोजमापाच्या अचूकतेत प्रकाशाइतकाच निघाला. न्यूट्रिनोच्या अतिसूक्ष्म वस्तुमानामुळे पडणारा फरक त्या उपकरणांच्या आवाक्याबाहेरचा होता.