तासाला तास की मोलाला मोल?

इंदूरमध्ये डेंटर, म्हणजे गाडीचा पत्रा ठोकून रंगवणारा कारागीर, आणि बांधकामाचा मिस्त्री एकाच गल्लीत राहत असले की पोह्यांच्या एका प्लेटवर सौदा होतो. मिस्त्रीला जुनी मारुती व्हॅन मनासारखी करून हवी असते: रुंद फेंडर (चाकावरचा पत्रा), नवा बंपर, वर मोतिया पांढरा रंग. डेंटरची गच्ची पावसाळ्यात गळत असते. "भिया, तू माझी गाडी कर, मी तुझी गच्ची करतो." ठरलं. पैशाचं नावही निघत नाही. मग दिवाळीपर्यंत दोघांची बोलाचाली बंद होते, आणि गंमत म्हणजे लबाडी कोणीच केलेली नसते. एकाने दिवस मोजलेले असतात, दुसऱ्याने किंमत. दोघंही त्याला अदलाबदलच म्हणतात.

दिवस मोजायची रीत आपल्याकडे जुनी आहे. शेतकऱ्यांची सावड तीच: आज मी तुझ्या शेतात, उद्या तू माझ्या. माणसाला माणूस, दिवसाला दिवस. कोणाचा विळा भरभर चालला हे कोणी बघत नाही, कारण काम एकच असतं आणि ते दोघांनाही येतं. शहरात याचंच रूप म्हणजे टाइम बँक: दुसऱ्यासाठी दिलेले तास जमा धरायचे आणि गरजेला तेवढेच तास परत घ्यायचे. जपानमध्ये तेरुको मिझुशिमा यांनी 1973 मध्ये अशी श्रमबँक उभी केली, अमेरिकेत एडगर कान यांनी 1980 मध्ये तोच विचार मांडला. 2019 मध्ये मध्य प्रदेश सरकारनेही टाइम बँकेची योजना काढली. टाइम बँकेत डॉक्टरचा तास आणि माळ्याचा तास मुद्दाम सारखा धरतात. आजीला दवाखान्यात नेणं, मुलाची शिकवणी घेणं, अशा कामांना ते शोभतं.

मोलाला मोल वेगळं. त्यात दोन्ही कामांची किंमत आधी रुपयांत मांडायची आणि मग एकातून दुसरी वजा करायची. नोट हातातून हातात गेली नाही तरी हिशेब रुपयांतच असतो. धंद्याच्या कामाला माझं मत सरळ याच रीतीकडे आहे, आणि कारण आहे मिस्त्रीच्या पाठीमागे घमेलं घेऊन उभा असलेला माणूस.

समजा डेंटरचा रोज 1,500 रुपये, मिस्त्रीचा 1,000 आणि त्याच्या मदतनिसाचा 600. गाडीला डेंटरचे 6 दिवस लागले, गच्चीला मिस्त्री आणि मदतनिसाचे प्रत्येकी 6. सावडीच्या हिशेबाने 6 ला 6, फिटलं. पण मदतनीस कुठे गेला? त्याला फेंडरमध्ये काय रस? त्याला आठवड्याच्या शेवटी रोख पगार हवा, म्हणजे 3,600 रुपये मिस्त्रीच्या खिशातून गेले. बरं, त्याचेही दिवस धरले तर 12 ला 6 होतात, आणि डेंटरच्या डोक्यावर आणखी 6 दिवस, म्हणजे 9,000 रुपयांचं काम बसतं. एकदा मिस्त्री बुडतो, एकदा डेंटर.

रुपयांत मांडा. मदतनिसाचे 3,600 डेंटरने रोख द्यायचे, कारण गच्ची त्याची आहे. उरले डेंटरचे 9,000 आणि मिस्त्रीचे 6,000. मिस्त्रीकडे 3,000 निघतात, म्हणजे त्याचे 3 दिवस. त्यात डेंटरच्या न्हाणीघराच्या उखडलेल्या फरशा बसवून होतात. आकडे समजुतीपुरते आहेत, तुमच्या भागातला रोज घालून बघा.

मोलाच्या रीतीतही एक खड्डा आहे, आणि शहाणी माणसं त्यात हटकून पडतात: एकाची मजुरी आणि दुसऱ्याचं बिल समोरासमोर ठेवणं. गॅरेजवाला दर पॅनेलला, म्हणजे पत्र्याच्या एकेका भागाला, भाव सांगतो तेव्हा त्यात रंग, हार्डनर, प्रायमर, पॉलिश पेपर, कॉम्प्रेसरची वीज, शेडचं भाडं आणि नफा सगळं आलेलं असतं. मिस्त्री सांगतो तो नुसता हातांचा रोज; सिमेंट, रेती, वॉटरप्रूफिंगचं रसायन घरमालकाचं. ही दोन्ही तराजूत घातली की मिस्त्री आपल्या घामाने गाडीवरचा रंग विकत घेतो. म्हणून माल आधी बाजूला काढायचा. ज्याची गाडी त्याने रंग आणायचा, ज्याची गच्ची त्याने सियागंज बाजारातून आपलं सामान आणायचं, पावत्या आपापल्या. अदलाबदल फक्त मजुरीची. मोतिया रंगाला तर हे फारच लागू, कारण बेस कोट, त्यावर मोत्याचा थर, त्यावर क्लिअर, असे तीन थर येतात आणि साध्या पांढऱ्यापेक्षा माल बराच महाग पडतो.

वाळण्याचा वेळ कोणाच्याच मजुरीत येत नाही. गाडी शेडमध्ये पंधरवडा उभी होती म्हणून पंधरा दिवसांचं काम झालं नाही. गच्चीच्या नव्या कोब्यावर निदान 7 दिवस पाणी धरावं लागतं, ते घरच्यांनी धरायचं. शेडची जागा अडली त्याचं काय, असं डेंटर विचारील, आणि तो प्रश्न रास्त आहे. पण त्याचं भाडं आधी बोलून घ्यावं, शेवटी काढू नये.

दर्जा कसा बघायचा, तेही आधीच ठरवा. चुंबकाला पातळ कागद गुंडाळून तो फेंडरवरून फिरवा. पत्रा ठोकून नीट बसवला असेल आणि वर पुटीचा हात दोन-तीन मिलिमीटरच्या आत असेल, तर चुंबक धरतो. खड्डा पुटीने बुजवला असेल तिथून तो घसरतो. (फेंडर फायबरचा असेल तर चुंबक कुठेच धरणार नाही. पत्रा की फायबर, हेही पहिल्याच दिवशी बोलायला हवं.) गच्चीला आळं करून दोन दिवस पाणी भरून ठेवा आणि खालून छताकडे बघा. रंगातला फरक उन्हात लगेच दिसतो, गळती मात्र आषाढाची वाट बघते. तेव्हा गच्ची आधी, उन्हाळ्यातच. गाडीचं पत्र्याचं काम त्याच सुमारास चालू दे, पण नुसत्या प्रायमरवर (रंगाआधीच्या थरावर) ती पावसात उभी ठेवू नका. प्रायमर पाणी पितो आणि पुढे रंगाखाली फोड येतात.

गाडीचं काम ठरवताना मोटार वाहन कायद्याचं कलम 52 डोक्यात असू द्या. आरसीवरच्या (गाडीच्या नोंदणीपत्रावरच्या) तपशिलाशी विसंगत होईल असा बदल परस्पर करता येत नाही, आणि रंग बदलला तर आरसीवर नोंद करावी लागते. त्या नोंदीची धावपळ आणि खर्च गाडीमालकाचा. जीएसटीच्या कायद्यातही अदलाबदल हा पुरवठाच धरला आहे; ज्याची नोंदणी आहे त्याने बाजारभावाने बिल करायचं. पैसे घेतले नाहीत म्हणून ते सुटत नाही.

इतकं सगळं मोलाच्या बाजूने लिहिलं, पण एका ठिकाणी सावडीसारखं दिवस मोजणंच बरं. रंग खरवडला की आतला गंज दिसतो. गच्चीचा प्लास्टर फोडला की फुगलेली सळई दिसते. हे काम आधी कोणालाच दिसलेलं नसतं, त्यामुळे त्याची किंमत ठोक सांगणारा एक तर स्वतः बुडतो किंवा पुढच्याला बुडवतो. म्हणून डोळ्यांना दिसतं त्या कामाची किंमत ठोक लिहा, आणि उघडल्यावर निघेल त्याचे दिवस ज्याच्या-त्याच्या रोजाने मोजा. वाढीव काम सुरू करण्याआधी मालकाला बोलावून दाखवायचं, मोबाइलवर फोटो काढायचा आणि किती दिवस लागतील ते तिथेच सांगायचं. "काका, इथे पत्रा गेलाय, दीड दिवस वाढेल, करू का?" एवढं विचारलं तरी पुरे. समोरचा नको म्हणाला तर तो तुकडा सोडून पुढचं काम धरायचं, आणि तसं वहीत दोघांच्या सहीने लिहून ठेवायचं.