नखुरडं ठणकतं ते का?

रविवारी चेंदणी कोळीवाड्यातून कोळंबी आणली आणि स्वतःच सोलायला बसले. एकीच्या डोक्यावरचा करवती काटा मधल्या बोटाच्या नखाच्या कडेला घुसला. रक्ताचा थेंब आला, बोट नळाखाली धरलं आणि विसरून गेले. मंगळवारी रात्री त्याच बोटाने झोप उडवली. नखाची कड लाल, चकचकीत, तापलेली. चादर लागली तरी कळ. नखुरडं.

बुधवारी ठाण्याहून वाशीच्या गाडीत बोट वर धरून उभी होते. शेजारच्या मावशींनी काय झालं तेही विचारलं नाही, थेट उपाय सांगितला, "लिंबात खुपस गं ते बोट."

नखुरड्याला बहुतेकदा कारणीभूत असतो तो स्टॅफिलोकोकस ऑरियस नावाचा जिवाणू. केसतोडही त्याचाच प्रताप. शाळेत आपण शिकलो ती गोष्ट अशी: जंतू शिरले, पांढऱ्या पेशी धावून आल्या, सूज आली आणि सुजेतल्या रसायनांनी मज्जातंतूंना डिवचलं, म्हणून दुखलं. यात खोटं काही नाही. त्यातलंच एक रसायन म्हणजे प्रोस्टाग्लँडिन. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन ही औषधं ते तयारच होऊ देत नाहीत, म्हणून त्यांनी दुखणं उतरतं. पण या गोष्टीत मज्जातंतू बिचारा सगळ्यात शेवटी येतो, आणि तो तसा नाही.

२०१३ साली बॉस्टनमध्ये आयझॅक च्यू, क्लिफर्ड वूल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या पंजात हाच स्टॅफ टोचला. वेदना सुजेच्या मागोमाग वाढेल, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात ती जिवाणूंच्या संख्येबरोबर चढली आणि उतरली. सूज आपल्या गतीने मागून येत राहिली. न्यूट्रोफिल या लढाऊ पांढऱ्या पेशी आधीच काढून टाकलेल्या उंदरांनाही तितकंच दुखलं. म्हणजे तंतूला जंतूची खबर परस्पर लागत होती.

ती कशी लागते, हा भाग मला फार आवडतो. जिवाणू आपल्या प्रत्येक प्रथिनाची सुरुवात फॉर्मिल गट चिकटवलेल्या एका अमिनो आम्लाने करतात. आपल्या पेशी तसं करत नाहीत. (अपवाद पेशींतल्या मायटोकाँड्रियांचा. तेही मूळचे जिवाणूच, सवय कुठे जाते!) अशा प्रथिनांचे तुकडे ऊतींत पसरले की त्यांचा माग काढत न्यूट्रोफिल येतात. तोच माग ओळखणारा ग्राहक (रिसेप्टर, म्हणजे पेशीवरचं संदेश टिपणारं प्रथिन) वेदनातंतूंवरही सापडला. त्यात भर म्हणजे स्टॅफ एक विष सोडतो. त्याचे सात रेणू कडं करून पेशीच्या पटलाला चक्क भोक पाडतात, त्यातून आयन, म्हणजे विद्युतभारित कण, आत घुसतात आणि तंतू पेटतो. पुढे संदेश मणक्याकडे निघतो. मंद ठणका नेणारे तंतू सेकंदाला जेमतेम मीटरभर जातात. संध्याकाळी सात वाजता ठाणे स्टेशनच्या पुलावर आपली चाल असते, साधारण तितकाच वेग.

मिरची झोंबते तीही यांतल्याच बऱ्याचशा तंतूंना. मिरचीचा तो ग्राहक डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये शोधला आणि २०२१ च्या नोबेलमध्ये त्याचा वाटा होता. नखुरडं झालेल्या बोटाने मसाला कालवून पाहिलेल्यांना ही माहिती नवी वाटणार नाही.

तंतू नुसता निरोप्या नसतो. जंतू जाणवला की त्याच टोकातून तो सीजीआरपी नावाचं प्रथिन बाहेर टाकतो. त्याने रक्तवाहिन्या रुंदावतात, लाली येते. पण त्याच प्रथिनाने पांढऱ्या पेशींना आवरही घातला जातो. वेदनातंतू काढून टाकलेल्या उंदरांत संसर्गाच्या जागी जास्त पेशी जमल्या, जवळच्या लसिका गाठीही जास्त फुगल्या. न्यूट्रोफिल लढताना आपल्याच ऊतींची नासधूस करतात, म्हणून ही वेसण असावी, असं मला पटतं. मात्र जिवाणू तिचा गैरफायदा घेतात. मांस सडवणारा स्ट्रेप्टोकोकस तंतूंना मुद्दाम चेतवतो आणि न्यूट्रोफिल थोपवून धरतो, हे २०१८ मध्ये उंदरांतच दिसलं. त्या उंदरांना बोट्युलिनम विष टोचलं, तंतूंचं सीजीआरपी अडलं आणि संसर्ग आटोक्यात आला. हेच विष घोडबंदर रोडवरच्या क्लिनिकांत सुरकुत्यांसाठी विकलं जातं. सीजीआरपी अडवणारी औषधं माणसांत अर्धशिशीवर वापरतात. संसर्गावर अजून नाही.

यावरून वेदना म्हणजे प्रतिकारशक्तीची वैरीण, असं म्हणायची घाई नको. त्वचेत कँडिडा ही बुरशी शिरली की तंतूंचं तेच सीजीआरपी उलट संरक्षक पेशींना जागं करतं. जंतू कोण, जागा कुठली, यावर सगळं अवलंबून.

लिंबाचं म्हणाल तर मी बोट खुपसलं, कारण आईनेही फोनवर तेच सांगितलं. गार वाटलं, बोट हलेनासं झालं, आणि जिथे साल फुटली होती तिथे आम्लाने ब्रह्मांड आठवलं. गुरुवारी मुकाट्याने दवाखाना गाठला. डॉक्टरांनी नखाची कड सुईने किंचित उचलली आणि पिवळट पू बाहेर आला. पू म्हणजे मुख्यतः मेलेले न्यूट्रोफिल. आपली अस्थिमज्जा रोज असे सुमारे १० हजार कोटी घडवते, त्यांतलेच काही. दाब सुटला, जंतूंचा मोठा साठाही निघून गेला आणि पाच मिनिटांत ठणका थांबला. बोट मात्र रविवारपर्यंत लाल आणि सुजलेलं होतं, आणि जरासुद्धा दुखत नव्हतं.