उमेदवारी कपडेपटातली: वेशभूषेच्या शिक्षणाची पार्श्वभूमी

'कपडेपट', म्हणजे नाटकाचे कपडे ठेवण्याचा आणि सांभाळण्याचा विभाग, हा शब्द नाटक मंडळ्यांच्या तोंडी रुळला, तेव्हा वेशभूषा शिकवणारा एकही वर्ग महाराष्ट्रात नव्हता. १९१३ साली निघालेल्या गंधर्व नाटक मंडळीने शालू-पैठण्यांवर पाण्यासारखा पैसा खर्च केला. पण घामाने भिजलेली जर कशी जपायची, दोन प्रवेशांच्या मधल्या वेळात नेसण कशी बदलायची, हे कपडेपटात उमेदवारी करून, म्हणजे जाणत्याच्या हाताखाली काम करूनच कळायचे. खानदेशात वहीगायन या लोकगायनाच्या प्रकारातले आणि तमाशातले फेटे-नेसण असेच एका हातातून दुसऱ्या हातात आले.

दिल्लीत १९५९ साली राष्ट्रीय नाट्य विद्यालय सुरू झाले आणि हे काम अभ्यासाच्या टेबलावर आले. वेशभूषाकार रोशन अल्काझींनी जुन्या भारतीय पोशाखांचा जो बारकाईने शोध घेतला, तो आजही पायाभूत आहे. कोल्हापूरच्या भानू अथैया मात्र चित्रकलेतून आल्या, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून. 'गांधी' चित्रपटाच्या वेशभूषेसाठी १९८३ मध्ये त्यांना ऑस्कर मिळाले; ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय.

आपल्याकडे १९९० साली जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झाले. २०१८ पासून त्याला बहिणाबाईंचे नाव आहे. त्याच्या 'युवारंग' महोत्सवात एकांकिका आणि लोकनृत्ये होतात, आणि कपड्यांची जबाबदारी कुणा विद्यार्थ्याच्या अंगावर पडते. बऱ्याचदा भाड्याचे कपडे येतात, मापाला बसत नाहीत, आणि आदल्या रात्री टाके घालावे लागतात. माझ्या मते खरे शिक्षण इथेच सुरू होते. संहिता वाचून प्रवेशवार कपड्यांची यादी काढणे, खर्च बसवणे, टेलर मास्तरांना समजेल असे रेखाटन देणे, दिव्याखाली कापडाचा रंग कसा बदलतो ते आधी पाहून ठेवणे: हे वहीत लिहून येत नाही. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर राज्यातल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांत ऑन जॉब ट्रेनिंगला श्रेयांक मिळू लागले, म्हणजे जुनी उमेदवारीच पुन्हा दारात आली. ती नाटकाच्या संस्थेत किंवा शिंप्याच्या दुकानात काढता आली, तर फार बरे होईल.

शिकण्यासारखे तर घरातच पडले आहे. आजीच्या ट्रंकेत फडकी असते. ती डोक्यावरून कशी घ्यायची हे आजीलाच विचारावे, तिने नेसलेल्या लुगड्याचा सोगा कुठून कसा येतो ते बघावे, माप घ्यावे, फोटो काढावा. सातपुड्यातल्या होळीत बावा-बुध्या, म्हणजे नवसाने वेश घेऊन नाचणारे आदिवासी, अंगावर राखेची नक्षी काढतात, डोक्यावर मोरपिसांचा टोप आणि कमरेला घुंगरू बांधतात. पण तो नवसाचा, नेमाचा वेश आहे. रंगमंचासाठी त्याची नक्कल करण्याआधी तो घालणाऱ्यांकडे जाऊन बसावे, कोणता भाग दाखवलेला चालेल आणि कोणता नाही ते विचारावे, आणि 'नाही' म्हणाले तर वही मिटवावी.