जत्रुक व खांदा : प्रतिमांकनाद्वारे गतिमापन

हात उचलताना जत्रुक (गळ्याखालचे आडवे हाड), अंसफलक (पाठीवरचे पसरट त्रिकोणी हाड) आणि भुजास्थी (दंडाचे हाड) किती अंशांनी फिरतात, हे क्ष-किरण, सीटी वा एमआरआय प्रतिमांवरून ठरविण्याची पद्धत. अस्थिरोगशास्त्र, भौतिकोपचार व क्रीडावैद्यक या शाखांत तिचा उपयोग होतो.

हात कानापर्यंत नेताना ही तिन्ही हाडे एकदम हलतात. त्यामुळे कोणाचा वाटा किती, हा मूळ प्रश्न. कॉडमन यांनी १९३४ च्या सुमारास या एकत्रित चालीला ‘लय’ म्हटले. इनमन, साँडर्स व ॲबट यांनी १९४४ मध्ये भुजास्थी व अंसफलक यांचे प्रमाण २:१ असे मांडले आणि पाठ्यपुस्तकांत ते अजून टिकून आहे. फ्रीडमन व मनरो (१९६६) यांना ते साधारण ३:२, तर पॉपेन व वॉकर (१९७६) यांना पहिले ३० अंश सोडून ५:४ आढळले. हात कोणत्या दिशेने उचलला, हातात वजन होते की नव्हते, सपाट फिल्मवर रेषा कोठून आखली, यांवर उत्तर बदलते. प्रमाण एकच नसून टप्प्याटप्प्याने बदलते, हे मत आता अधिक ग्राह्य वाटते.

जत्रुकाच्या बाबतीत वाद जास्त चिघळला. हे हाड इंग्रजी ‘एस’सारखे वळलेले असते आणि हात वर जाताना आपल्याच लांबीभोवती मागे वळते. त्वचेवरून त्याची फक्त दोन टोके नीट हाताला लागतात आणि दोन बिंदूंवरून हाडाची दिशा कळते, पीळ कळत नाही. म्हणूनच इनमन यांनी हाडात पिन बसवून पाहिले. त्यांच्या मते हा पीळ सुमारे ४० अंशांचा असून तो रोखला तर हात ११० अंशांच्या आसपास अडतो. मात्र जत्रुक अंसफलकाला स्क्रूने जखडलेल्या रुग्णांचेही हात जवळजवळ पूर्ण वर जात असल्याचे शल्यविशारदांनी नोंदविले होते. दोन्ही हाडे बरोबरच वळतात, त्यामुळे त्यांच्यामधल्या सांध्यात फारसे काही घडत नाही, असा खुलासा त्यावर झाला. रॉकवुड यांनी त्या सांध्यातली हालचाल ५ ते ८ अंशच धरली. उलट साहारा व सहकाऱ्यांना एमआरआयवरून (२००६) तेथे अंसफलकाचे सुमारे ३५ अंशांचे परिवलन दिसले. पिना वापरून केलेल्या अलीकडच्या मापनांत जत्रुकाचा पीळ ३० अंशांच्या आसपास येतो. सांधा अगदीच निष्क्रिय मानणे आता कठीण दिसते.

पद्धतींत सेल्विक यांची (लुंड, १९७४) द्वि-क्ष-किरण पद्धत महत्त्वाची. तीत हाडात टँटलमचे बारीक मणी रोवून दोन कोनांतून चित्रे घेतात. पुढे मण्यांऐवजी सीटीवरून हाडाचे त्रिमितीय प्रतिरूप करून ते चलत्-क्ष-किरण चित्राशी जुळविण्याची रीत आली. अक्ष (कोन मोजण्याच्या आधाररेषा) कसे धरावेत याविषयी आंतरराष्ट्रीय जैवयांत्रिकी संस्थेच्या २००५ च्या शिफारशी प्रमाण मानतात. त्याआधीच्या आकड्यांची परस्पर तुलना जपून करावी लागते.

नागपुरात विषय येतो तो मुख्यतः अपघात व आखडलेला खांदा यांच्या निमित्ताने. मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय, स्थापना १९४७), मेयो (इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय), मिहान या औद्योगिक परिसरातील एम्स आणि धंतोली-रामदासपेठेतील खासगी रुग्णालये यांत विदर्भाबरोबर छिंदवाडा, बालाघाटकडचेही रुग्ण येतात. दुचाकीवरून खांद्यावर पडून जत्रुक मोडणे नेहमीचेच. अशा वेळी अंशांपेक्षा लांबी मोजली जाते : एक चित्र समोरून, दुसरे क्ष-किरण नळी डोक्याकडे तिरपी करून, आणि मोडलेल्या बाजूची दुसऱ्या बाजूशी तुलना. हाड सुमारे २ सेंमी. आखूड झाले असल्यास शस्त्रक्रियेचा विचार होतो. हे माप उभ्याने घेतलेल्या चित्रात बहुधा जास्त भरते. आडवे झोपविल्यावर हाताचा भार उतरतो व तुकडे जवळ आलेले दिसतात. म्हणून चित्र कोणत्या स्थितीत घेतले, हे अहवालात लिहिलेले असावे लागते.