पॅच मध्यभागी, डोळा कडेला: रेंजफाइंडरच्या फोकसची पार्श्वभूमी

रेंजफाइंडर कॅमेऱ्यात फोकसचा पॅच, म्हणजे दोन प्रतिमा एकमेकींवर जुळवून फोकस करायचा छोटा भाग, कायम मध्यभागी आणि माणसाचा डोळा चौकटीच्या वरच्या भागात, हा पेच जुना आहे. १९३२ सालच्या लायका टू या कॅमेऱ्यात फोकसची खिडकी वेगळी आणि चौकटीची वेगळी होती. एकीत दोन प्रतिमा जुळवायच्या, मग दुसरीत पाहून चौकट लावायची. फोकस करून कॅमेरा वळवणं ही तेव्हा कामाची रीतच होती. १९३६ च्या कॉन्टॅक्स टूने दोन्ही खिडक्या एक केल्या, १९५४ च्या लायका एम३ ने त्याच खिडकीत ठळक कडांचा पॅच आणि उजळ चौकटी दिल्या. रीत मात्र तीच राहिली.

सगळा गोंधळ ‘अंतर’ या शब्दात आहे. पॅच डोळ्यावर धरला की मोजलं जातं ते कॅमेऱ्यापासून डोळ्यापर्यंतचं थेट अंतर. लेन्स मात्र फिल्मला समांतर असलेली एक सपाट पातळी स्पष्ट करते आणि तिला लागतं त्या पातळीपर्यंतचं लंब अंतर. डोळा मध्यात असेपर्यंत दोन्ही एकच. कॅमेरा वळवला की शाळेतला काटकोन त्रिकोण तयार होतो: डोळ्यापर्यंतची रेषा कर्ण, लेन्सला हवी ती बाजू त्याहून आखूड. लेन्सच्या फोकस रिंगवर लावलेलं अंतर कर्णाचंच राहतं, म्हणून फोकस डोळ्याच्या मागे पडतो. पापण्या मऊ होतात, कानाजवळचे केस लख्ख येतात.

५० मिमी लेन्स, उभी चौकट, माणूस १ मीटरवर, डोळे फिल्मवर मध्यापासून १० मिमी दूर. वळण सुमारे ११ अंश, चूक सुमारे १९ मिमी. फिल्मवर ०.०३ मिमीपर्यंतचा धूसर ठिपका स्पष्टच धरायचा, या नेहमीच्या हिशेबाने लेन्सचं छिद्र लहान (एफ/३.५) असेल तर मागेपुढे साधारण ४० मिमी सूट मिळते, मोठं (एफ/१.४) असेल तर जेमतेम १६. लायकाच्या जुन्या एफ/३.५ एल्मार लेन्सवर ही रीत खपून गेली ती यामुळेच. ३५ मिमी लेन्सवर तेवढ्याच १० मिमीसाठी कॅमेरा जास्त वळतो आणि चूक ३८ मिमीवर जाते. ३ मीटरवर मात्र ५० मिमीची चूक ५८ मिमी असली तरी एफ/१.४ ची सूट १५० च्या आसपास असते. तिथे बिनधास्त वळवावं.

‘लेन्सची फोकसची पातळी वक्र असते, त्यामुळे चूक आपोआप भरून निघते,’ असं ठामपणे सांगितलं जातं. कडा कॅमेऱ्याकडे वळणारी लेन्स असेल तर ते खरं. उलटी वळणारी असेल तर चूक वाढते. प्रत्येक लेन्स स्वतः तपासल्याशिवाय या भरवशावर राहणं चुकीचंच.

२००४ पासून रेंजफाइंडरमध्ये डिजिटल सेन्सर आले, फोटो पडद्यावर शंभर टक्के मोठा करून पाहता येऊ लागला आणि ०.०३ मिमीचा हिशेब ढिला वाटू लागला. मग कित्येक चांगले कॅमेरे ‘मागे फोकस करतो’ म्हणून दुरुस्तीला गेले. वळवून काढलेल्या फोटोंवरून रोलर (लेन्सची हालचाल रेंजफाइंडरपर्यंत पोहोचवणारं छोटं चाक) हलवला, की मध्यभागचा बरोबर असलेला फोकसही बिघडतो. आधी कॅमेरा तिपाईवर लावून, न वळवता, मध्यभागीच चाचणी घ्यायला हवी.

२०१२ साली जाहीर झालेल्या लायकाच्या एम मालिकेतल्या कॅमेऱ्यात लाइव्ह व्ह्यू, म्हणजे लेन्समधून दिसणारं चित्र थेट पडद्यावर पाहण्याची सोय, आला. त्यात सुरुवातीला फक्त मधलाच भाग मोठा करता येई. पुढे सॉफ्टवेअर सुधारल्यावर तो हवा तिथे सरकवता आला. पॅचवरच काम करणाऱ्यांसाठी जवळच्या अंतरावर सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे कॅमेरा वळवण्याऐवजी समांतर सरकवणं. वरच्या उदाहरणात तो पॅच डोळ्यावर जुळवून सरळ २० सेंटिमीटर खाली न्यायचा, कॅमेऱ्याची पाठ तिरकी न होऊ देता. वळवावंच लागलं, तर वळल्यावर बोटभर मागे झुकायचं, म्हणजे मागे गेलेली पातळी पुन्हा डोळ्यावर येते.